इंग्लिशच्या पेपरची तयारी: रोज एक उतारा घ्या, ग्रामर, शब्द आणि वाचन त्यातूनच काढा

मी बरीच वर्षं मुलांच्या इंग्लिशच्या वह्या तपासतेय आणि एक गोष्ट सारखी दिसते. ग्रामरची वही वेगळी, शब्दार्थांची वही वेगळी, आणि पॅसेज तर परीक्षेच्या आदल्या आठवड्यातच उघडले जातात. ग्रामरच्या वहीत 12 टेन्सचा तक्ता रंगीत पेनांनी इतका छान काढलेला असतो की बघत राहावं, आणि तेच मूल निबंधात 'ही डिडन्ट वेन्ट' लिहून येतं. तक्ता पाठ असतो त्याला, विचारलं तर घडाघडा म्हणून दाखवेल, पण लिहायला बसलं की डोक्यात वाक्य मराठीत तयार होतं आणि घाईघाईत त्याचं इंग्लिश करताना तक्ता कुठल्या कुठे जातो. म्हणून मी हल्ली सगळ्यांना एकच सांगते, त्या वेगवेगळ्या वह्या बाजूला ठेवा, रोज एक छोटा उतारा घ्या, 150 ते 200 शब्दांचा बास झाला, आणि वाचन, शब्द, ग्रामर तिन्ही त्याच उताऱ्यातून काढा. सोबत एक चुकांची वही ठेवा, तिच्यात फक्त तुमच्या स्वतःच्या चुका.

उतारा कुठून घ्यायचा? आधी पाठ्यपुस्तक, मग जुन्या प्रश्नपत्रिका, ते संपलं की इंग्लिश पेपरमधली एखादी छोटी बातमी. आपल्याला झेपेल का हे बघायची सोपी रीत म्हणजे पहिले 100 शब्द वाचा आणि अडलेले शब्द बोटांवर मोजा. पॉल नेशन हे शब्दसंग्रहावर काम करणारे अभ्यासक, त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर 2000 साली दाखवलं की डिक्शनरी न उघडता गोष्ट नीट कळायची असेल तर साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. आपण शिकायला बसलोय, डिक्शनरी हाताशी आहे, त्यामुळे पाच-सहा अडले तरी चालतील, पण दहाच्या वर गेले तर तो उतारा महिनाभराने घ्या, आत्ता त्याच्याशी झटून फक्त वैताग येईल.

आता करायचं काय ते एका वाक्यावर दाखवते. समजा उताऱ्यात असं वाक्य आलं, 'द ओल्ड लायब्ररी हॅड बीन क्लोज्ड फॉर यीअर्स बिफोर अ ग्रुप ऑफ स्टुडंट्स डिसायडेड टू रिओपन इट.' पहिल्यांदा फक्त अर्थ लावा, लायब्ररी कित्येक वर्षं बंद होती, मग काही मुलांनी ती पुन्हा उघडायचं ठरवलं. मग स्वतःला विचारा की शेवटचं 'इट' कोणासाठी आलंय, लायब्ररीसाठी की ग्रुपसाठी. हा झाला वाचनाचा प्रश्न आणि परीक्षेत अगदी असाच येतो. मग 'हॅड बीन' का आलं ते बघा, भूतकाळातल्याच दोन गोष्टी आहेत आणि बंद असणं आधीचं, ठरवणं नंतरचं, म्हणून आधीच्या गोष्टीला 'हॅड'. मग शब्द, 'डिसाइड' वरून नाम काय होतं, 'डिसिजन', आणि त्याच्याबरोबर 'मेक' येतं म्हणून 'मेड अ डिसिजन टू रिओपन इट'. 'रिओपन' मधला 'रि' म्हणजे पुन्हा, तसाच 'रिराइट', 'रिबिल्ड', 'रियूज'. मग त्या वाक्याला उलटसुलट करा. 'बिफोर' काढून 'आफ्टर' ने लिहा. मुलं तोंडाने 'वी विल रिओपन द लायब्ररी' म्हणाली असं समजून ते इनडायरेक्टमध्ये लिहा, 'द स्टुडंट्स सेड दॅट दे वुड रिओपन द लायब्ररी.' 'टू रिओपन इट' च्या खाली रेघ मारा आणि ते उत्तर येईल असा प्रश्न बनवा, 'व्हॉट डिड द स्टुडंट्स डिसाइड टू डू?' एका वाक्यातून एवढं निघतं बघा, आणि हे सगळं लिहायला पाचेक मिनिटं लागतात. रोज अशी दोन किंवा तीनच वाक्यं घ्या, सगळा उतारा असा पिंजायची गरज नाही, नाहीतर चौथ्या दिवशी कंटाळा येतो आणि सगळंच बंद पडतं.

ग्रामरबद्दल थोडं जास्त बोलते कारण मार्क तिथे जातात, आणि बऱ्याच चुका आपल्या मराठीतून येतात हे मुलांना कोणी सांगतच नाही. चूक कुठून आली ते कळलं की ती सुटायला वेळ लागत नाही. सगळ्यात जास्त दिसणारी म्हणजे 'आय हॅड गॉन देअर यस्टरडे'. हे का होतं? आपण सहज म्हणतो 'मी काल तिकडे गेलो होतो', त्यातल्या 'होतो' चं मूल इमानदारीने 'हॅड' करतं. पण मराठीतलं ते 'होतो' बऱ्याचदा नुसतं बोलण्याच्या ओघात येतं, आधी-नंतर असं काही सांगायचं नसतं. इंग्लिशमध्ये साधं 'आय वेन्ट देअर यस्टरडे'. 'हॅड' लिहायच्या आधी विचारा की दुसरी गोष्ट कुठली, कशाच्या आधी? दुसरी गोष्ट सापडली नाही तर 'हॅड' खोडा.

दुसरी चूक 'पासून' ची. 'ती दोन वर्षांपासून इथे राहते' याचं हमखास 'शी इज लिव्हिंग हिअर सिन्स टू यीअर्स' होतं. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून' दोन्हीकडे 'पासून' च लागतं, इंग्लिशमध्ये ते फुटतं. कधी सुरू झालं तो क्षण सांगितला तर 'सिन्स', 'सिन्स मंडे', 'सिन्स 2022', आणि किती काळ ते सांगितलं तर 'फॉर', 'फॉर टू यीअर्स'. आणि क्रियापद 'हॅज बीन लिव्हिंग', कारण तेव्हापासून अजून चालूच आहे. तिसरी 'तू येईपर्यंत' ची. आपण 'तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबतो' असंही म्हणतो आणि त्यातला 'नाहीस' तसाच उचलून 'अनटिल यू डोन्ट कम' लिहितो, तो नकार तिकडे नको असतो, 'आय विल वेट अनटिल यू कम'. 'अनलेस' चंही तेच, त्याच्या पोटात 'नाही' आधीच आहे. आणि 'मी मोठा होईन तेव्हा' मधल्या 'होईन' मुळे 'व्हेन आय विल ग्रो अप' येतं, तिथे 'व्हेन आय ग्रो अप' एवढंच, 'विल' पुढच्या तुकड्यात घाला. 'इफ' लाही हेच लागू, 'इफ इट रेन्स, वी विल स्टे ॲट होम'.

प्रिपोझिशनची यादी पाठ करू नका, हे मी कळकळीने सांगते. त्याऐवजी आपला एकेक प्रत्यय घ्या आणि त्याचं इंग्लिशमध्ये काय काय होतं ते बघा. 'ने' घ्या. 'त्याने पत्र लिहिलं' मधल्या 'ने' ला इंग्लिशमध्ये शब्दच नाही, नुसतं 'ही'. 'पेन्सिलने लिहिलं' तर 'विथ अ पेन्सिल'. 'बसने गेलो' तर 'बाय बस'. एक 'ने' आणि तीन रस्ते. 'वर' घ्या, 'टेबलावर' म्हणजे 'ऑन द टेबल', 'माझ्यावर रागावला' म्हणजे 'अँग्री विथ मी'. 'शी' घ्या, 'त्याच्याशी लग्न' म्हणजे 'मॅरिड टू हिम', 'विथ' नाही. आणि काही ठिकाणी आपल्याकडे 'बद्दल', 'मध्ये', 'ला' असतं पण तिकडे काहीच नको असतं, 'वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम', 'शी एंटर्ड द रूम', 'दे रीच्ड द स्टेशन'. 'डिस्कस्ड अबाउट' तर मला जवळपास प्रत्येक वहीत सापडतं. उतारा वाचताना असा एखादा जोड दिसला की क्रियापदासकट लिहून ठेवा, सुटं 'ऑन', सुटं 'ॲट' कधीच लिहू नका.

आर्टिकल्सना मुलं फार घाबरतात आणि म्हणतात मराठीत हे नाहीच. नाही हे खरं, पण त्याची जाण आपल्याला आहे. 'एका गावात एक म्हातारा राहायचा. तो म्हातारा रोज नदीवर जायचा.' पहिल्यांदा 'एक म्हातारा', दुसऱ्यांदा 'तो म्हातारा'. पहिलं 'ॲन ओल्ड मॅन', दुसरं 'द ओल्ड मॅन', झालं. गाळलेली जागा आली की मनात मराठीत विचारा, इथे 'कुठला तरी एक' बसतोय की 'तोच तो' बसतोय. यातून सगळं सुटत नाही, 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'फर्निचर', 'होमवर्क' हे मोजले जात नाहीत म्हणून त्यांना 'अ' लागत नाही आणि शेवटी 'एस' ही लागत नाही, हे मात्र लक्षातच ठेवावं लागतं. 'अ' की 'ॲन' ते कानाने ठरवा, स्पेलिंगच्या पहिल्या अक्षराने नको, 'ॲन अवर' पण 'अ युनिव्हर्सिटी'.

अजून एक बारीक गोष्ट. 'तिने चार पुस्तकं वाचली' मध्ये आपलं क्रियापद पुस्तकांकडे बघून बदलतं, 'तिने पत्र वाचलं' म्हटलं की लगेच 'वाचलं' होतं. इंग्लिशमध्ये क्रियापद कायम कर्त्याकडे बघतं, 'शी हॅज रेड फोर बुक्स', पुस्तकं चार असली तरी 'हॅज'. आणि कर्ता लांबलचक असला की फसायला होतं, 'द लिस्ट ऑफ बुक्स इज लाँग', 'वन ऑफ द बॉईज इज ॲब्सेंट'. क्रियापदाच्या आधी थांबून खरा कर्ता शोधा, त्याच्या खाली रेघ मारा, मग लिहा. पॅसिव्ह व्हॉइसवर मी इथे वेळ घालवत नाही, तो सरावाने येतो, फक्त काळ बदलू नका आणि 'बी' चं रूप नवीन कर्त्याप्रमाणे घ्या.

चुकांची वही कशी ठेवायची? पानाला मधोमध घडी घाला, डावीकडे चुकलेलं वाक्य जसंच्या तसं, उजवीकडे बरोबर वाक्य, आणि त्याच्या खाली एका ओळीत मराठीत कारण, म्हणजे 'काल आहे, दुसरी गोष्ट नाही, हॅड नको' एवढंच. नियमाचं नाव लिहायची गरज नाही. दर रविवारी उजवी बाजू झाकायची आणि डावीकडची वाक्यं दुसऱ्या कागदावर दुरुस्त करायची. ज्या चुका तीन रविवार लागोपाठ बरोबर आल्या त्यांच्यावर काट मारा. माझा अनुभव असा की एकेका मुलाच्या फार तर आठ-दहाच चुका असतात, त्याच त्याच परत परत होतात, आणि त्या गेल्या की पेपर एकदम स्वच्छ दिसायला लागतो.

झाकून आठवायला सांगते त्याला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, काहींनी मजकूर परत परत वाचला आणि काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवत होतं. परत परत वाचताना आपल्याला वाटतं की येतंय सगळं, आणि नेमकं ते वाटणंच परीक्षेत दगा देतं, म्हणून वही झाका.

आता शब्द. रोज पाच, जास्तीत जास्त सात. एका दिवशी 30 लिहिणारी मुलं मला माहिती आहेत, आठवड्याने त्यातले दोन-तीन उरतात. शब्द असा लिहा: शब्द, उताऱ्यातलं तेच वाक्य, मग स्वतःचं वाक्य, मग त्याच्या घरातला एखादा दुसरा शब्द, जसं 'डिसाइड' चं 'डिसिजन'. मराठी अर्थ पानाच्या मागे. स्वतःचं वाक्य खरं असावं, तुमच्या वर्गातलं, घरातलं, मित्राचं, 'रिलक्टंट' म्हणजे नाखूश, तो आला तर 'माय ब्रदर इज रिलक्टंट टू लेंड मी हिज सायकल', असलं वाक्य विसरत नाही. शब्दाबरोबर येणारा जोडीदार पण बघा, 'मेक अ मिस्टेक' पण 'डू होमवर्क', 'हेवी रेन' पण 'स्ट्राँग विंड'. आणि दिसायला सारखे पण अर्थाने उलटे असलेले शब्द वेगळ्या पानावर ठेवा, 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो खूप काम करतो आणि 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जवळजवळ करतच नाही, 'अ फ्यू' म्हणजे थोडे तरी आहेत आणि नुसतं 'फ्यू' म्हणजे नसल्यासारखेच.

उजळणीला पण हिशोब लागतो. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच सगळ्यात वेगाने विसरतं, नंतर तो वेग कमी होतो. म्हणजे पहिली उजळणी त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी झाली पाहिजे, आठवड्याने नाही. मग तिसऱ्या दिवशी, मग सातव्या, मग पंधराव्या. हे लक्षात ठेवायला कटकट होते म्हणून सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये सांगितलेली खोक्यांची पद्धत वापरा. कागदाचे छोटे तुकडे करा, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि वाक्य. सगळी कार्डं पहिल्या खोक्यात, ते रोज बघायचं. आलं की कार्ड दुसऱ्या खोक्यात, ते तीन दिवसांनी. तिथेही आलं की तिसऱ्यात, ते आठवड्याने. कुठेही अडलं की परत पहिल्या खोक्यात. अडलेले शब्द आपोआप जास्त वेळा हाताखालून जातात आणि येणाऱ्यांवर वेळ जात नाही. खोकी नसतील तर तीन पाकिटं घ्या, काही बिघडत नाही.

स्पेलिंगसाठी एकच सांगते कारण त्याने बरेच मार्क वाचतात. 'बिगिन' ला 'इंग' लावताना 'एन' दोनदा येतो आणि 'ओपन' ला लावताना एकदाच, कारण 'बिगिन' मध्ये जोर शेवटच्या तुकड्यावर आहे आणि 'ओपन' मध्ये पहिल्या. तसंच 'ऑकर' चं 'ऑकर्ड' करताना 'आर' दोनदा. शब्द मोठ्याने म्हणा, जोर कुठे पडतो ते ऐका, मग लिहा.

आता उताऱ्यावरचे प्रश्न. आधी प्रश्न वाचायचे की उतारा यावर भांडणं होतात, मला विचाराल तर आधी उतारा एकदा झरझर वाचा, दोन मिनिटांत, अडलात तरी थांबू नका, मग प्रश्न वाचा, मग परत उताऱ्यात जा. आधीच प्रश्न वाचले की मूल शब्दाला शब्द जुळवत बसतं आणि उतारा एकूण कशाबद्दल आहे तेच सुटतं, मग शीर्षक द्या म्हटलं की कोरं. अनोळखी शब्द आला तर पहिल्यांदा तो नाम आहे की क्रियापद की विशेषण ते ठरवा, मग आजूबाजूला बघा, 'बट', 'हाउएव्हर', 'ऑल्दो' असेल तर अर्थ उलटा वळलाय, 'देअरफोर' किंवा 'सो' असेल तर आधीचं ते कारण आहे. सराव करताना हे जोडशब्द पेन्सिलने गोल करा, उताऱ्याचा सांगाडा डोळ्यासमोर येतो.

प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातली ओळ दाखवता आली पाहिजे. सरावात मी मुलांना उत्तराशेजारी ओळीचा नंबर लिहायलाच लावते, ज्याला नंबर नाही ते उत्तर मनाचं. 'असं का वाटतं' प्रकारच्या प्रश्नातही पुरावा लागतो, 'ही किप्ट लुकिंग ॲट द डोअर' लिहिलंय म्हणजे तो कोणाची तरी वाट बघतोय, हे थेट लिहिलेलं नाही पण दारावरून निघतं. चूक की बरोबर असं विचारलं असेल तर 'ऑल', 'ओन्ली', 'ऑलवेज', 'नेव्हर' या शब्दांवर थांबा, उताऱ्यात 'मोस्ट' असतं आणि प्रश्नात 'ऑल' घातलेलं असतं.

उत्तर लिहिताना प्रश्नाचाच आधार घ्या. 'व्हाय डिड द बॉय रन?' असं विचारलं तर 'बिकॉज' पासून अर्धवट वाक्य सुरू करू नका, 'द बॉय रॅन बिकॉज' असं पूर्ण लिहा. 'डिड' गेलं की क्रियापद भूतकाळात गेलं पाहिजे, इथे खूप जण 'द बॉय रन' ठेवतात. आणि उताऱ्यात 'माय मदर' असेल तर उत्तरात 'हिज मदर' किंवा 'हर मदर', नाहीतर तपासणाऱ्याला वाटतं तुम्ही तुमच्या आईबद्दल लिहिताय.

रोज किती वेळ? 40 मिनिटं पुरतात. 10 मिनिटं वाचन आणि प्रश्न, 15 मिनिटं दोन-तीन वाक्यं उलटसुलट करणं, 10 मिनिटं नवीन शब्द आणि कार्डं, आणि राहिलेल्या 5 मिनिटांत बघून न लिहिता उताऱ्याचा सारांश चार वाक्यांत. हा सारांश टाळू नका, सगळ्यात जास्त चुका तिथेच बाहेर पडतात आणि त्याच तर आपल्याला वहीत हव्यात. एखादा दिवस सुटला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका, फक्त कार्डं बघा आणि पुढे चला.

परीक्षेच्या आधी तीन आठवडे उरले की घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायला घ्या, आठवड्यात दोन. वेळेचा हिशोब मार्कांवरून करा, पेपर 3 तासांचा आणि 80 मार्कांचा असेल तर तपासायला 15 मिनिटं बाजूला काढून 165 मिनिटं उरतात, म्हणजे मार्काला साधारण दोन मिनिटं, 10 मार्कांच्या उताऱ्याला 20. वेळ संपली की पुढच्या प्रश्नावर जायचं, तेवढी जागा सोडून. शेवटच्या 15 मिनिटांत सगळं परत वाचू नका, त्याने काही सापडत नाही. तुमच्या वहीतल्या सगळ्यात हट्टी तीन चुका आधीच ठरवून ठेवा, समजा 'हॅड', 'सिन्स' आणि 'शी' नंतरचा 'एस', आणि पेपरभर फक्त त्या तीनच शोधत जा, आधी एक, मग दुसरी, मग तिसरी. वेळ उरला तर प्रत्येक वाक्याच्या शेवटी फुलस्टॉप आहे का ते बघा आणि पेपर द्या.